तीन महिने छातीवर डिफिब्रिलेटर: कशासाठी, कसा घालायचा, कुठे चुकतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत मुलाकडे आलेल्या 62 वर्षांच्या वडिलांना हृदयाच्या पुढच्या भिंतीचा मोठा हार्ट अटॅक आला. त्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या एलएडी धमनीत स्टेंट बसला, पण घरी सोडताना इकोमध्ये ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं तो आकडा, 28 टक्केच होता. डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी अंगावर घालायचा डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाचे घातक ठोके ओळखून शॉक देणारं जॅकेट, लिहून दिला आहे. वडील म्हणतात, रात्री काढून ठेवतो. आईला भीती वाटते की हात लागला तर आपल्यालाच शॉक बसेल. मुलाचा प्रश्न आहे की छातीत बसवायचं कायमचं यंत्र आत्ताच का बसवत नाहीत. शिवाय सहा आठवड्यांनी पुण्याला परतायचं तिकीट काढलेलं आहे.

आधी वडिलांच्या मुद्द्याचं उत्तर देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. रात्री काढून ठेवायचं असेल तर हे यंत्र घेण्यात फारसा अर्थ नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेस्ट’ चाचणीत नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि ईएफ 35 टक्के किंवा त्याहून कमी असलेले 2,302 रुग्ण होते. त्यातल्या 1,524 जणांना जॅकेट दिलं, 778 जणांना फक्त औषधोपचार. 90 दिवसांत ठोक्यांच्या गडबडीने झालेले मृत्यू जॅकेटवाल्या गटात 1.6 टक्के आणि दुसऱ्या गटात 2.4 टक्के होते. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू मोजले तर 3.1 विरुद्ध 4.9 टक्के. हा फरक जॅकेटच्या बाजूचा दिसतो, पण तो चाचणीचा मुख्य निकष नव्हता, म्हणून त्यावर फार जोर देता येत नाही. या निकालावर बरेच डॉक्टर ‘उपयोग नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतात. पण त्याच चाचणीतला एक आकडा बघा: जॅकेटवाल्या गटात जे 48 जण गेले, त्यांपैकी मृत्यूच्या वेळी जॅकेट अंगावर होतं फक्त 12 जणांच्या. सुरुवातीला कोणत्याही एका दिवशी साधारण 80 टक्के लोक ते घालत होते, 90 दिवसांच्या शेवटी 41 टक्के. कपाटात टांगलेल्या यंत्राचा निकाल आपण अंगावरच्या यंत्राच्या नावावर लिहितो आहोत.

उलट बाजूही सांगायला हवी. जे नियमाने घालतात ते बहुतेकदा गोळ्याही नियमाने घेतात, तपासणीलाही येतात. त्यामुळे ‘घालणारे जगले’ यातलं सगळं श्रेय यंत्राचं नसतं. माझं मत असं आहे: घालणारा माणूस असेल तर फायदा आहे. तो छोटा आहे, पण खरा आहे. त्याच चाचणीत 90 दिवसांत योग्य कारणाने शॉक बसला 20 जणांना, म्हणजे हजारातल्या तेरा जणांना. बाकी 987 जणांनी ते ओझं वाहिलं आणि त्यांना असा शॉक बसलाच नाही. हे वडिलांना आधीच सांगा. ‘हे घातलं नाही तर तुम्ही जाल’ असं घाबरवून घातलेलं जॅकेट तिसऱ्या आठवड्यात उतरतं. ‘धोका थोडा आहे, पण आला तर एक मिनिटात येतो आणि आपण कुणी तेवढ्यात पोचू शकत नाही’ हे पटलेल्या माणसाच्या अंगावर ते टिकतं.

एक मिनिट हा शब्द उगाच वापरलेला नाही. खालच्या कप्प्यांची थरथर, म्हणजे व्हीएफ, सुरू झाली की रक्त पुढे जाणं थांबतं आणि माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. छाती दाबली नाही आणि शॉकही मिळाला नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. अॅम्ब्युलन्स आठ मिनिटांत आली तरी ती चांगलीच म्हणायची. पण रात्री शेजारी झोपलेल्या माणसाला काही कळलंच नाही, तर ती आठ मिनिटं मोजायला सुरुवात कधी होणार? म्हणूनच रात्र महत्त्वाची.

आता मुलाचा प्रश्न. कायमचं यंत्र, म्हणजे आयसीडी, आत्ताच का नाही? कारण ते करून पाहिलेलं आहे. 2004 च्या ‘डिनामिट’ चाचणीत हार्ट अटॅकनंतर 6 ते 40 दिवसांत आयसीडी बसवलं. ठोक्यांच्या गडबडीने होणारे मृत्यू कमी झाले, पण इतर कारणांनी होणारे वाढले, एकूण गोळाबेरीज शून्य. 2009 च्या ‘आयरिस’ चाचणीतही तेच दिसलं. म्हणून मार्गदर्शक सूचनांमध्ये अटॅकनंतर किमान 40 दिवस आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर 90 दिवस थांबायला सांगतात. दुसरं कारण जास्त आशेचं आहे. अटॅकनंतर हृदयाचा सगळाच कमजोर भाग मेलेला नसतो. काही स्नायू नुसता सुन्न पडलेला असतो आणि रक्तपुरवठा सुरू झाल्यावर, औषधं लागू झाल्यावर काही आठवड्यांत पुन्हा काम करू लागतो. आज 28 असलेला ईएफ तीन महिन्यांनी 42 होणं मुळीच दुर्मीळ नाही. अमेरिकेतल्या ‘वेअरइट-2’ या नोंदवहीत 2,000 जॅकेटधारक होते. शेवटी त्यांपैकी 42 टक्क्यांनाच आयसीडी बसवावं लागलं, आणि न बसवण्याचं सगळ्यात मोठं कारण ईएफ सुधारला हेच होतं. छातीत पेटी आणि हृदयात तार घेऊन पंधरावीस वर्षं काढणं, दर काही वर्षांनी पेटी बदलणं, जंतुसंसर्गाची टांगती तलवार, हे सगळं ज्याला लागणार नाही त्याच्या माथी कशाला मारायचं?

अडचण एवढीच की अचानक मृत्यूचा धोका नेमका याच थांबण्याच्या काळात सर्वात जास्त असतो. 2005 साली ‘व्हॅलियंट’ चाचणीच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यात हा धोका पहिल्या 30 दिवसांत महिन्याला 1.4 टक्के होता आणि पुढे झपाट्याने उतरला. अंगावरचं यंत्र या मधल्या खिंडीसाठी आहे. मात्र पहिल्या महिन्यातले सगळे अचानक मृत्यू ठोक्यांचे नसतात. काही पुन्हा आलेल्या अटॅकचे असतात, काही हृदयाची भिंत फाटल्याचे. तिथे कोणताही डिफिब्रिलेटर काही करू शकत नाही. वडिलांचं रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक जरी दोन दिवस चुकली तरी जॅकेट ती भरपाई करणार नाही.

कोणाला हे यंत्र जास्त ठामपणे द्यावं, याबद्दल दोन ओळी. आयसीडी आधीपासून होतं, त्याला जंतुसंसर्ग झाला, पेटी आणि तारा काढाव्या लागल्या आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपेपर्यंत नवीन बसवता येत नाही, अशा रुग्णाला. त्याला घातक ठोके येऊन गेलेले असतील तर तिथे शंकेला जागा कमीच असते. अमेरिकेच्या 2017 च्या आणि युरोपच्या 2022 च्या सूचनांमध्येही या गटासाठी शिफारस जास्त वजनाची आहे. नुकत्याच अटॅक आलेल्यांसाठी ‘निवडक रुग्णांत विचार करावा’ एवढीच आहे. बाळंतपणाच्या आगेमागे हृदय कमजोर झालेल्या तरुण बायका आणि हृदयाच्या स्नायूच्या सुजेचे रुग्ण हेही याच दुसऱ्या रांगेतले. लहान मुलांसाठी अमेरिकेत 2015 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, पण वजन किमान 18.75 किलो आणि छातीचा घेर 66 सेंटिमीटर हवा. कानाला अजिबात ऐकू न येणारा, स्मृतिभ्रंश झालेला किंवा बटणं दाबता न येणारा रुग्ण असेल तर मी हे यंत्र सहसा सुचवणार नाही. कारण पुढे येतंच आहे.

यंत्र म्हणजे काय ते समजून घ्या. सर्वात जास्त वापरात असलेलं लाइफव्हेस्ट 2001 साली अमेरिकेत मंजूर झालं. 2021 मध्ये अशुअर नावाचं दुसरं आलं. खालचे तपशील मुख्यतः लाइफव्हेस्टचे आहेत, दुसरं मिळालं असेल तर त्याची पुस्तिका प्रमाण माना. त्वचेला चिकटून बसणारं बनियनसारखं एक कापडी जॅकेट असतं. त्याच्या पट्ट्यात छातीभोवती चार कोरडे सेन्सर असतात. त्यांना ईसीजीसारखी जेल लागत नाही. चार सेन्सरमधून ईसीजीच्या दोन वाटा मिळतात, एक डावी-उजवी आणि एक पुढची-मागची. शॉक देणारे तीन पॅड वेगळे: दोन पाठीवर, एक पुढे डावीकडे. त्यांच्या आत निळसर जेलच्या कुप्या असतात. शॉक द्यायच्या क्षणाआधी त्या फुटतात आणि पॅड ओला होतो. कोरड्या पॅडमधून शॉक दिला तर त्वचा भाजते आणि वीज हृदयापर्यंत नीट पोचत नाही. या सगळ्याची केबल कमरेला किंवा खांद्यावरून लटकवलेल्या मॉनिटरला जाते. मॉनिटरमध्ये बॅटरी, पडदा आणि दोन बटणं. सगळं मिळून वजन पाऊण ते एक किलोच्या दरम्यान.

यंत्र ठोक्यांचा वेग सतत मोजतं. नेहमीच्या ठरलेल्या मर्यादा मिनिटाला 150 आणि 200 अशा असतात. पहिली व्हीटीसाठी, म्हणजे खालच्या कप्प्यांतून सुटणाऱ्या अतिवेगवान ठोक्यांसाठी, दुसरी व्हीएफसाठी. डॉक्टर त्या बदलू शकतात. वेग ओलांडला की ते दोन्ही वाटांवरच्या लहरींचा आकार रुग्णाच्या नेहमीच्या ईसीजीशी ताडून पाहतं. हा नेहमीचा नमुना पहिल्या दिवशी, यंत्र बसवताना नोंदवलेला असतो. म्हणून त्या वेळी वडील शांत बसलेले असू द्या, बोलणं नको, हात हलवणं नको. वाईट नमुना नोंदवला तर पुढचे तीन महिने विनाकारण भोंगे वाजतात.

यंत्राला गडबड वाटली की आधी अंगाला कंप जाणवतो, मग भोंगा, मग मोठा भोंगा, शेवटी आवाज आजूबाजूच्यांना दूर राहायला सांगतो. सुरुवातीपासून शॉकपर्यंत साधारण एक मिनिट, व्हीटीमध्ये थोडं जास्त ठेवता येतं. शॉक 150 ज्यूलपर्यंतचा, आणि एका प्रसंगात लागले तर पाचपर्यंत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 3,569 रुग्णांच्या नोंदीत 80 घातक प्रसंगांपैकी 79 प्रसंग पहिल्याच शॉकने थांबले. यंत्राचं हे काम चोख आहे, त्यात वाद नाही.

आता त्या दोन बटणांबद्दल. या उत्तरातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या. कंप किंवा भोंगा सुरू झाला आणि वडील शुद्धीवर असतील तर त्यांनी स्वतः दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची. ‘मी शुद्धीवर आहे’ हा यंत्राला दिलेला निरोप आहे. शुद्ध गेली की हात सुटतो आणि यंत्र पुढचं काम करतं. बटणं दाबायचा हक्क फक्त घालणाऱ्याचा. बायको, मुलगा, नात, नर्स, कोणीही मदत म्हणून दाबायची नाहीत. वडील बेशुद्ध पडले आहेत, भोंगा कानठळ्या बसवतोय, आणि घाबरलेल्या माणसाने तो बंद करण्यासाठी बटणं दाबली, तर जीव वाचवणारा शॉक त्याने स्वतःच्या हातांनी अडवला. भोंग्याने घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप बटणाकडे जातो, म्हणून घरातल्या प्रत्येकाला, येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांनासुद्धा, हे पहिल्या दिवशी सांगा. घरी यंत्र बसवणारा माणूस येतो तेव्हा आईला समोर बसवा. बोलका इशारा इंग्रजीत असेल तर ‘प्रेस रिस्पॉन्स बटन्स’ हे बाबांसाठी आहे आणि ‘बायस्टँडर्स, डू नॉट इंटरफिअर’ म्हणजे आपण मागे सरायचं, ही दोन वाक्यं त्यांच्या कानाला पक्की करा.

उलटी बाजूही आहे. वडिलांनी बटणं दाबली, भोंगा थांबला, म्हणजे आजार थांबला असं नाही. शुद्धीवर राहूनही व्हीटी चालू असू शकते. भोंगा परत परत येतोय, छातीत धडधड, घाम, चक्कर आहे, तर बटणं दाबत घरी बसायचं नाही, 911 ला फोन करायचा. उलट एकदाच भोंगा वाजला आणि त्यांना काहीच होत नव्हतं, तर बहुतेक वेळा कारण सेन्सरचं असतं. तरी त्या दिवशीची नोंद क्लिनिकला पाठवून बघून घ्या.

आईची भीती. शॉकच्या नेमक्या क्षणी हात लागला तर तिलाही झटका जाणवेल, म्हणून ‘दूर राहा’ असा इशारा आला की हात काढायचा. एरवी त्यांना हात लावायला, शेजारी झोपायला, जवळ घ्यायला काहीही धोका नाही. जॅकेट असं सहज वीज सोडत नाही. त्याआधीचे कंप आणि भोंगे ऐकू न येणं अशक्य. ते बेशुद्ध असतील, शॉक होऊन गेला असेल, श्वास नसेल आणि यंत्र इशारा देत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करायची, जॅकेट काढत बसायचं नाही. अॅम्ब्युलन्सवाले त्यांचा डिफिब्रिलेटर लावणार असतील तर मात्र मॉनिटरची बॅटरी काढून पट्टा सोडवायचा. दोन यंत्रं एकाच छातीवर चालवायची नाहीत.

विनाकारण बसणारे शॉक थोडे आहेत पण आहेत: ‘व्हेस्ट’ चाचणीत 9 जणांना, ‘वेअरइट-2’ मध्ये 10 जणांना. शुद्धीत असताना बसलेला शॉक माणूस विसरत नाही, आणि त्यानंतर जॅकेट घालायला लावणं महाकठीण होतं. कारणं दोन जातीची असतात. एक, हृदयाच्या वरच्या कप्प्यातली गडबड, मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन, वेगाने चाललेली. यावर उपाय औषधांचा. दुसरी, आणि जास्त वेळा, सेन्सरवरचा गोंगाट: पट्टा सैल, सेन्सर त्वचेपासून सुटलेला, मध्ये काहीतरी आलेलं. तुमच्या वडिलांसारख्यांमध्ये सैल पट्ट्याचं एक खास कारण असतं. हॉस्पिटलमधून सुटताना अंगात पाणी साठलेलं असतं. लघवीच्या गोळ्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत चारपाच किलो वजन सहज उतरतं. ज्या मापाने जॅकेट दिलं ते माप आता राहिलेलं नसतं. आठवड्यातून एकदा पट्टा तपासा. ढिला पडला तर ओढून बांधत बसू नका, छोटा साइज मागवा, तो बदलून मिळतो. मध्ये काय येतं याचीही यादी आपल्या घरातलीच: आत घातलेला गंजीफ्रॉक, छातीला चोळलेलं बाम किंवा तेल, आंघोळीनंतरची पावडर, गळ्यातला ताईत, जानवं. गळ्यातलं जे असेल ते सेन्सर आणि पॅडच्या वर, जॅकेटच्या बाहेर राहू द्या. आत नाही. बायकांच्या बाबतीत ब्रा जॅकेटच्या वरून.

भोंगा आणि घंटा यातला फरक शिकून घ्या. भोंगा ठोक्यांसाठी असतो. घंटेसारखा हलका आवाज म्हणजे यंत्राला काहीतरी हवं आहे: सेन्सर नीट बसवा, बॅटरी बदला, पडदा वाचा. घंटेकडे दुर्लक्ष करायची सवय लागते, आणि तीच महागात पडते. जानेवारी 2018 मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, लाइफव्हेस्ट 4000 बद्दल जाहीर सूचना काढली होती. पडद्यावर सर्व्हिससाठी फोन करायला सांगणारा, 102 क्रमांकाचा संदेश आला तर यंत्र शॉक देऊ न शकण्याची शक्यता आहे, त्यामुळे ताबडतोब कंपनीला कळवून यंत्र बदलून घ्यावं, असं त्यात म्हटलं होतं. पडद्यावर फोन करा असं आलं की त्याच तासाला फोन करायचा, सोमवारची वाट बघायची नाही.

रोजची राहटी साधी आहे, पण तिचा क्रम चुकवायचा नाही. दोन बॅटऱ्या मिळतात, एक यंत्रात आणि एक चार्जरवर. एक बॅटरी साधारण 24 तास चालते, तरी बदलायची वेळ रोजची ठरवून ठेवा. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी, रात्रीच्या जेवणानंतर, काहीही चालेल. जॅकेट काढताना आधी बॅटरी काढायची, मग जॅकेट. घालताना आधी जॅकेट, सगळं जागेवर, मग बॅटरी. उलटं केलं तर यंत्र हवेतला गोंगाट हृदय समजून भोंगा वाजवतं, क्वचित जेलही सोडतं. जेल एकदा सुटली की तो पट्टा गेला. नवीन येईपर्यंत संरक्षण नाही. शॉकनंतरही तेच: पट्टा बदलावाच लागतो, म्हणून शॉक बसला की हॉस्पिटल आधी आणि कंपनीला फोन लगेच दुसरा.

जॅकेट दोन मिळतात, एक अंगावर असताना दुसरं धुवायचं. धुण्याआधी सेन्सरचा पट्टा आणि पॅड कापडातून पूर्ण काढायचे. ते पाण्यात जाता कामा नयेत. सौम्य साबण चालतो, ब्लीच आणि कापड मऊ करणारी द्रावणं नकोत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय घालायचं नाही. परत जोडताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पॅड खिशात उलटा घालणं. कोणती बाजू अंगाकडे ते पॅडवर लिहिलेलं असतं. आतली जाळीदार बाजू त्वचेला लागायला हवी. पॅड उलटा असेल तर ईसीजी व्यवस्थित दिसतो, घंटा वाजत नाही, सगळं ठीक वाटतं, आणि शॉकच्या वेळी वीज त्वचेपर्यंत पोचत नाही. म्हणून पहिल्या चार वेळा जोडताना दोघांनी बघा, पुढे एकाने बघितलं तरी पुरे.

आंघोळ हीच यंत्राशिवायची एकमेव अधिकृत वेळ. ती दहापंधरा मिनिटांत उरकायची, घरात कोणी असताना, कडी न लावता, स्टुलावर बसून. खूप गरम पाणी नको. अटॅकनंतरच्या औषधांनी रक्तदाब आधीच खाली असतो आणि गरम पाण्याने चक्कर येते. टबमध्ये बसणं, पोहणं बंद. एमआरआयच्या खोलीत यंत्र नेता येत नाही, म्हणून तशी तपासणी ठरली तर आधी ठोक्यांच्या डॉक्टरांशी बोला.

उन्हाळ्यात घाम आणि पुरळ ही खरी तक्रार आहे. ती नाटक म्हणून उडवू नका, जॅकेट उतरण्याचं पहिलं कारण तेच असतं. खोली थंड ठेवा, जॅकेट रोज बदला, त्वचा कोरडी करूनच घाला, मलम लावायचं असेल तर कंपनीच्या माणसाला विचारून. झोपेसाठी: मॉनिटर कुशीत किंवा उशीजवळ ठेवावा, खाली लोंबता नाही, नाहीतर कूस बदलताना केबल ओढली जाते आणि रात्री दोनला घंटा वाजते. अशा दोन रात्री झाल्या की माणूस वैतागून काढतो. पहिल्या आठवड्यात त्यांना एकटं सोडू नका. किती तास घातलं याची नोंद यंत्र स्वतः ठेवतं आणि ती क्लिनिकला दिसते. रोज 22 तासांच्या पुढे असेल तर उत्तम. 14-15 वर आलं तर डॉक्टरांना ओरडायला न लावता आधी का ते विचारा.

यंत्र काय करत नाही तेही सांगतो. ते हार्ट अटॅक ओळखत नाही. छातीत दुखलं तर जॅकेट गप्प आहे म्हणून थांबू नका. ते पेसमेकर नाही. ठोके अतिशय मंदावले किंवा पूर्ण थांबले तर ते फक्त आवाज देतं, हृदय चालवत नाही. आधीचा जुन्या पद्धतीचा पेसमेकर असेल तर त्याच्या स्पंदनांमुळे यंत्राची फसगत होऊ शकते, हे बसवतानाच सांगायला हवं. आणि ते औषध नाही. या तीन महिन्यांत ईएफ वर नेणारं काम गोळ्याच करतात: बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन किंवा तत्सम, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. चारही गट रक्तदाब, किडनी, पोटॅशियम सांभाळत जितक्या लवकर पूर्ण मात्रेकडे जातील तितकं चांगलं. जॅकेट लिहून दिलं आणि गोळ्यांची मात्रा तीन महिने तशीच राहिली, तर मग जॅकेट कशासाठी घातलं? पोटॅशियम 4 ते 5 च्या दरम्यान ठेवायचं. लघवीच्या गोळ्यांनी ते उतरतं आणि उतरलेलं पोटॅशियम हेच कित्येक व्हीटींचं मूळ असतं. जुलाब किंवा उलट्या झाल्या तर त्याच दिवशी रक्त तपासा.

पुण्याचं तिकीट. माझ्या मते पुढे ढकला. सहा आठवड्यांनी म्हणजे ऐन मध्यावर. 90 दिवसांचा इको इथे, त्याच डॉक्टरांकडे झाला की निर्णय एकाच जागी होतो. जॅकेट तुमचं नाही, भाड्याचं आहे. अमेरिकेत त्याचं महिन्याचं बिल साधारण 3,000 डॉलरच्या वर जातं आणि विमा ते ठरलेल्या अटींवर भरतो. देशाबाहेर नेल्यास भाडं, विमा आणि दुरुस्ती यांचं काय होईल ते लेखी विचारल्याशिवाय विमानात बसू नका. पुण्यात शॉक बसला तर नवीन पट्टा कोण, किती दिवसांत आणून देणार, हाच प्रश्न विचारा. त्याचं ठोस उत्तर मिळालं नाही तर जाऊ नका. जाणं अगदी अटळच असेल तर: चार्जरवर 230 व्होल्ट चालतं का ते लेबलवर पाहा, दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून हातातल्या बॅगेत, विमानतळावर डॉक्टरांचं पत्र आणि यंत्राचं ओळखपत्र. तपासणीसाठी जॅकेट काढायचं नाही, हाताने तपासून घ्यायला सांगायचं. घरी पोचल्यावर 108 हा अॅम्ब्युलन्सचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या आणि आयसीडी बसवणाऱ्या हॉस्पिटलमधल्या हृदयरोगतज्ज्ञाची वेळ आधी घेऊन ठेवा. ज्यांना भारतातच हे यंत्र सुचवलं आहे त्यांनी हॉस्पिटलमधून सुटण्यापूर्वी विचारावं की ते भाड्याने मिळतं का, शिकवायला घरी कोण येतं, नोंदी कोण बघतं. मिळत नसेल तर त्यावर रडत बसण्यापेक्षा घरातल्या दोन माणसांनी छाती दाबायला शिकणं आणि पोटॅशियम सांभाळणं जास्त कामाचं.

शेवटचा इको स्टेंटनंतर 90 दिवस पूर्ण झाल्यावर करा, 75 व्या दिवशी नाही. शक्यतो त्याच लॅबमध्ये, कारण दोन हातांच्या मोजणीत पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो आणि 33 की 38 यावरच आयसीडीचा निर्णय फिरतो. ईएफ 35 च्या वर गेला आणि मधल्या नोंदींत व्हीटी दिसली नसेल, तर जॅकेट परत पाठवायचं, गोळ्या मात्र चालू ठेवायच्या. 35 किंवा खाली राहिला आणि दम लागणं चालू असेल तर आयसीडीची तारीख घ्यायची. आयसीडी बसून ते सुरू झाल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत जॅकेट उतरवायचं नाही.